नोबुयो ओयामा : २६ वर्षं डोरेमॉनचा आवाज

चाफेकळी

डोरेमॉनच्या जुन्या जपानी चमूतली माणसं गेल्या काही वर्षांत एकेक करून गेली. २०१५ मध्ये जियानचा आवाज काझुया तातेकाबे, २०१६ मध्ये सुनियोचा आवाज कानेता किमोत्सुकी, २०२४ च्या जुलैत नोबिताचा आवाज नोरिको ओहारा, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला खुद्द डोरेमॉन, म्हणजे नोबुयो ओयामा. वय ९०. आपल्याकडची अख्खी पिढी डोरेमॉन बघत वाढली, पण या बाईंबद्दल मराठीत काही वाचल्याचं मला आठवत नाही. म्हणून हा धागा काढतेय. मी जपानी शिकवते, त्यामुळे त्यांचे जुने भाग वर्गात सतत चालू असतात आणि त्या आवाजावर माझा जीव आहे.

जन्म १६ ऑक्टोबर १९३३, तोक्यो. आवाज लहानपणापासून जाडसर, घोगरा. शाळेत तोंड उघडलं की पोरं फिदीफिदी हसायची. मग या मुलीने बोलणंच टाकलं. आईच्या ते लक्षात आलं. आईचं म्हणणं असं पडलं की कमजोर आहे म्हणून एखादी गोष्ट जपत बसलं तर ती आणखी कमजोर होते, तेव्हा आवाज लपवू नकोस, भरपूर वापर. आणि ही पोरगी गेली ती थेट शाळेच्या प्रसारण मंडळात, माइकसमोर. पुढच्या आयुष्याची सगळी दिशा तिथे ठरली असं मला वाटतं.

नंतर हाइयुझा या नामांकित नाट्यसंस्थेच्या प्रशिक्षण शाळेत शिक्षण, १९५६ मध्ये एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीच्या नाटकातून टीव्हीवर पदार्पण आणि १९५७ मध्ये 'लॅसी' या अमेरिकी मालिकेच्या जपानी डबिंगमध्ये आवाजाचं पहिलं काम. तेव्हा 'सेइयू', म्हणजे आवाज देणारे कलाकार, असा वेगळा धंदा फारसा नव्हताच. रंगभूमीवरचे नट परदेशी मालिकांना आवाज देत, त्यावर घर चालवत. १९६० मध्ये एनएचकेवर तीन डुकरांची 'बू फू वू' ही बाहुल्यांची मालिका सुरू झाली. त्यात थोरल्या बूचा आवाज ओयामाबाईंचा आणि धाकट्या वूचा आवाज तेत्सुको कुरोयानागींचा. होय, आपल्या घराघरांत वाचलेल्या 'तोत्तोचान'च्या लेखिका त्याच.

मग १९७९. त्याआधी १९७३ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर डोरेमॉनची एक मालिका आली होती, ती सहा महिन्यांत गुंडाळली गेली. तीत डोरेमॉनला आधी कोसेइ तोमिता या पुरुष नटाचा आवाज होता आणि मध्यावर तो बदलून मासाको नोझावांकडे गेला. म्हणजे या पात्राला आवाज सापडतच नव्हता. २ एप्रिल १९७९ ला तोक्योच्या टीव्ही आसाहीवर नवी मालिका सुरू झाली तेव्हा ओयामाबाई ४५ वर्षांच्या होत्या. सुरुवातीला सोमवार ते शनिवार रोज संध्याकाळी दहा-दहा मिनिटांचा भाग असे. १९८१ पासून शुक्रवारी संध्याकाळी सातची वेळ मिळाली आणि ती वर्षानुवर्षं टिकली.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते. काम हातात आल्यावर बाईंनी मूळ चित्रकथा वाचून काढल्या आणि स्वतःशी एक विचार केला: हा यंत्रमानव कशासाठी बनवलाय? मुलाला सांभाळायला. मग मुलाला सांभाळणारा वाईटसाईट कसं बोलेल? तो कुणाला भेटला की आधी नीट नाव सांगेल, नमस्कार करेल. 'बोकु दोराएमोन देसु', म्हणजे 'मी डोरेमॉन', हे आज जपानमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी असलेलं वाक्य या विचारातून त्यांच्या तोंडी रुळलं. संहितेत शिवराळ शब्द दिसला की त्या तो बदलून घेत. चमूतल्या बाकीच्यांनीही ते मानलं. जियान दांडगा आहे, मारकुटा आहे, पण त्याचीही जीभ फार घसरणार नाही हे सांभाळलं गेलं, कारण समोर तीन-चार वर्षांची पोरं बसलेली असतात आणि ती ऐकलेलं दुसऱ्या दिवशी बालवाडीत बोलतात.

चित्रकथेचे कर्ते फुजिको एफ. फुजिओ एकदा ध्वनिमुद्रणाला आले. बाई धास्तावल्या होत्या. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, डोरेमॉनचा आवाज असा होता तर! ही हकिकत बाईंनीच सांगितलेली आहे. ज्याने पात्र जन्माला घातलं त्याला ते पहिल्यांदा ऐकू आलं, याहून मोठी पावती कुठली असणार?

१८ मार्च २००५ ला त्यांचा शेवटचा भाग दाखवला गेला. तोपर्यंत १९८० पासून दरवर्षी एक असे पंचवीस मोठे चित्रपटही झाले होते. ज्यांनी हे जपानीत ऐकलंय त्यांनी लिहा, ज्यांनी फक्त हिंदीत ऐकलंय त्यांनीही लिहा.

सह्यकडा

सुंदर लेख. आईचा सल्ला वाचून थांबलो जरा. माझ्या पुतण्याचा आवाज बायकी आहे म्हणून तो शाळेत स्नेहसंमेलनात भाग घेत नाही, त्याला हे वाचून दाखवणार.

एक शंका. डोरेमॉन, नोबिता, गोकू, ही सगळी मुलग्यांची पात्रं. जपानमध्ये त्यांना बायकाच आवाज का देतात? खरी मुलं का घेत नाहीत?

चाफेकळी

@सह्यकडा, पुतण्याला जरूर वाचून दाखवा.

शंकेबद्दल: कारणं अगदी व्यवहारातली आहेत. लहान मुलांना रात्री उशिरापर्यंत कामाला लावायला कायद्याने बंदी, आणि पूर्वी थेट प्रक्षेपणात परदेशी मालिकांचं डबिंग व्हायचं त्या वेळा मुलांना झेपणाऱ्या नव्हत्या. शिवाय मुलाचा आवाज तेरा-चौदाव्या वर्षी फुटतो. मालिका दहा वर्षं चालली तर दर दोन-तीन वर्षांनी नोबिता बदलावा लागेल. बाईचा आवाज मात्र टिकतो. मासाको नोझावा या १९३६ च्या. १९६८ च्या पहिल्या 'गेगेगे नो कितारो'त कितारो त्यांचा, १९७८ च्या 'गॅलेक्सी एक्स्प्रेस ९९९'मधला तेत्सुरो त्यांचा, आणि १९८६ पासून 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू त्यांचा. गोकूचे मुलगे गोहान आणि गोतेन यांचेही आवाज त्याच देतात, म्हणजे बाप आणि दोन्ही मुलगे एकमेकांशी बोलत असतात तेव्हा तिथे एकटी नोझावाबाई बोलत असते.

दोन_पोरांची_आई

आमच्याकडे डोरेमॉन म्हणजे हिंदीच. हंगामा वाहिनीवर दिवसभर चालायचं. माझी थोरली तीन वर्षांची असताना मराठीच्या आधी हिंदीत फडाफडा बोलायला लागली. सासूबाई हैराण. 'आजी, मुझे भूख लगी है' ऐकून त्या म्हणायच्या, हिला कुठल्या शाळेत घातलंय? तेव्हा घराघरांत हीच तक्रार असायची.

ही काळजी फक्त आपलीच नव्हती. बांगलादेशात २०१३ मध्ये सरकारने हिंदीतल्या डोरेमॉनचं प्रक्षेपण बंद करायला लावलं, कारण तिथली मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलायला लागली होती. एका निळ्या मांजराच्या आवाजापायी देशाच्या सरकारला पाऊल उचलावं लागलं, म्हणजे तो आवाज मुलांच्या कानात किती खोल गेला असेल बघा.

आपल्या हिंदी डोरेमॉनचा आवाज सोनल कौशल यांचा. तोही आमच्या घरात लाडका आहे. पण मूळ आवाज कुणाचा होता हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आता पोरींना जपानी भाग दाखवते.

मुक्तछंद

धागा आवडला, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. ही लोकप्रियता ओयामाबाईंची की डोरेमॉनची? मूळ चित्रकथा १९६९ च्या शेवटाला सुरू झाली, मालिका दहा वर्षांनी आली. तोवर पात्र पोरांच्या मनात बसलेलं होतं. कथा फुजिओंच्या, पोटावरचा खिसा फुजिओंचा, नोबिताचं रडणं फुजिओंचं. आवाज दुसऱ्या कुणाचा असता तरी मालिका चाललीच असती. हिंदीत दुसरा आवाज आहे, तरी चाललीच ना? श्रेय वाटताना जरा हात आखडता घ्यावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

निशीकासाईकर

मुक्तछंद, तुमच्या 'चाललीच असती' याला धाग्यातच उत्तर आहे. तीच चित्रकथा, तेच लेखक, १९७३ ची मालिका सहा महिन्यांत बंद पडली. आवाज हे त्याचं एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण उत्तम कथा असली की मालिका आपोआप चालते, हे काही खरं नाही.

मी बरीच वर्षं तोक्योत आहे. इथे चाळिशी-पन्नाशीच्या माणसांत बसलं आणि विषय निघाला की कुणीतरी नाक जरा बंद करून, गळा खाली आणून ओयामाबाईंच्या डोरेमॉनची नक्कल करतोच. खिशातून वस्तू काढताना तिचं नाव लांबवत, हेल काढत म्हणायची त्यांची पद्धत होती, 'ताकेकोप्ताआ!' अशी. आमच्या ऑफिसातले अत्यंत अबोल साहेब वर्षअखेरच्या जेवणात छत्री उघडताना हे म्हणाले आणि सगळं टेबल त्यांच्यासारखंच ओरडलं. मालिकेच्या जुन्या शीर्षकगीतातही मधेच ओयामाबाईंच्या आवाजातली वाक्यं पेरलेली आहेत. गाणं दुसऱ्या गायिकेचं, पण लोकांच्या लक्षात राहिली ती मधली वाक्यं.

२००५ मध्ये पाचही मुख्य आवाज एकदम बदलले. नव्या डोरेमॉनचा आवाज वासाबी मिझुता. नव्या जियानचा आवाज सुबारू किमुरा तेव्हा अवघा १४ वर्षांचा, शाळेत जाणारा मुलगा! लोकांना हा बदल पचायला जड गेला. माझे सहकारी सांगतात की पहिले काही आठवडे त्यांनी टीव्ही लावलाच नाही. आता मात्र मिझुताबाईंनाही वीस वर्षं होऊन गेली. इथल्या निशीकासाई भागात वाढणाऱ्या माझ्या मुलांचा डोरेमॉन म्हणजे मिझुताच, त्यांना जुना भाग लावून दिला की 'हा आजीसारखा बोलतो' म्हणतात. आणि ते बरोबरच आहे. ओयामाबाईंचा डोरेमॉन हा नोबिताला सांभाळणारं वडीलधारं माणूस आहे, मिझुतांचा डोरेमॉन हा नोबिताबरोबर गोंधळ घालणारा मित्र आहे. मला दोन्ही आवडतात. पण आजारी असताना लावायला मला जुनाच लागतो.

आवाजी

मी मुंबईत डबिंगचं काम करतो, म्हणून एक-दोन गोष्टी कामाच्या बाजूने.

आपल्याकडे प्रत्येक कलाकार बहुतेक वेळा एकटाच बूथमध्ये उभा असतो. कानात मूळ भाषेचा ट्रॅक, समोर पडदा, ओठ जुळले की पुढचं वाक्य. समोरचं पात्र कोण बोलणार, कसं बोलणार, काही ठाऊक नसतं. जपानी ॲनिमेत पद्धत निराळी. अख्खा चमू एका खोलीत. मध्ये तीन-चार माइक, भिंतीला लागून बाकं, हातात छापील संहिता. आपलं वाक्य यायच्या आधी उठायचं, मोकळ्या माइकशी जायचं, बोलायचं, बाजूला व्हायचं, की तिथे दुसरा येतो. कुणाचा धक्का लागता कामा नये, बुटाचा आवाज नको आणि पान उलटताना कागद वाजायला नको. नवख्यांना आधी हे पान उलटणं शिकवतात. त्यात कित्येकदा चित्रं पूर्ण झालेलीच नसतात, पडद्यावर नुसत्या रेघा असतात, आणि त्यावर हसायचं-रडायचं असतं.

अशा खोलीत तीच पाच माणसं २६ वर्षं आठवड्यामागून आठवडे भेटत राहिली. नोबिता रडायला लागला की डोरेमॉन कुठल्या श्वासाला तोंड उघडेल हे ओहाराबाईंना माहीत आणि ओयामाबाईंनाही माहीत. कथा फुजिओंची हे मान्य, पण दोन वाक्यांमधली ती जागा कुठल्याच चित्रकथेत छापलेली नसते. मुक्तछंद यांनी एखादा जुना भाग डोळे मिटून ऐकावा.

पैशांचंही सांगतो, कारण प्रसिद्धी म्हटलं की लोकांना वाटतं बंगले बांधले असतील. तिकडे कलाकारांना श्रेणी असतात. अगदी नवख्याला अर्ध्या तासाच्या भागाला १५,००० येन, मग एक वाक्य असो की शंभर. श्रेणी वाढली की रक्कम वाढते. १९७३ मध्ये तोक्योत या कलाकारांनी मानधनासाठी संप केला, रस्त्यावर मोर्चा काढला. नंतर पुनःप्रसारणाच्या पैशांसाठीही बरीच वर्षं भांडावं लागलं. टीव्हीवर रोज ऐकू येणारी ही माणसं फलक घेऊन चालली म्हणून पुढच्यांना बरे दिवस आले. आमच्याकडे एका निर्मिती संस्थेने माझे एका मालिकेचे पैसे वर्षभर अडकवून ठेवले होते, तेव्हा मला तिकडच्या संघटनेचा फार हेवा वाटला.

गेमगल्ली

कुणी मोनोकुमाचं नाव कसं काढलं नाही अजून?

२०१० मध्ये 'दान्गानरोन्पा' नावाचा गेम आला. एका शाळेत मुलांना कोंडून ठेवलंय, बाहेर पडायचं तर वर्गातल्या कुणाचा तरी खून करून पचवायचा. हा खेळ मांडणारा मुख्याध्यापक म्हणजे मोनोकुमा, अर्धं अंग पांढरं, अर्धं काळं असं अस्वल. त्याचा आवाज नोबुयो ओयामा! वय ७७. आणि आवाज बदललेला नाही, तोच, डोरेमॉनचाच. तोच गोडवा, तीच आपुलकी, आणि त्या आवाजात तो मुलांना एकमेकांना मारायला सांगतो. मी पहिल्यांदा जपानी आवाजात खेळलो तेव्हा अंगावर काटा आला. माझ्याबरोबर खेळणारा माझा जपानी मित्र तर उठून उभाच राहिला. ज्या आवाजावर लहानपणी डोळे झाकून विश्वास ठेवला तोच दगा देतोय, हे त्या गेमचं खरं हत्यार आहे.

आणि बाई स्वतः गेमच्या शौकीन होत्या हेही लिहायला हवं. 'अर्कानॉइड' नावाचा विटा फोडायचा आर्केड गेम १९८६ मध्ये आला होता. त्यात त्यांचा हात इतका बसलेला होता की जपानी गेमवाल्यांत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं.

त्यांचं १९७७ चं 'झाम्बॉट ३' पण बघा. त्यात नायक काप्पेइला त्यांचा आवाज आहे. पोरकट, भांडखोर मुलगा, आणि शेवटाकडे जे घडतं ते लहान मुलांच्या मालिकेत घडेल असं कुणाला वाटणार नाही. डोरेमॉनच्या दोनच वर्षं आधीचं काम आहे, तरी कुठेही डोरेमॉन आठवत नाही.

मुक्तछंद

आवाजी, काल रात्री तुम्ही सांगितलं तसं डोळे मिटून ऐकलं. १९८० च्या पहिल्या चित्रपटातला, डायनासोरच्या पिल्लाला निरोप देण्याचा प्रसंग. भाषा कळत नव्हती. श्वासाबद्दल तुम्ही जे म्हणालात ते ऐकू आलं. माझा श्रेयाचा मुद्दा मी सोडत नाही, कथेशिवाय हे उभंच राहिलं नसतं. पण 'दुसरा कुणी चालला असता' असं आता म्हणणार नाही.

मोनोकुमाबद्दल मात्र मला वाईट वाटलं. ज्या बाईने संहितेतला एकेक वाईट शब्द बदलून घेतला तिने तोच आवाज या कामाला का द्यावा? पोरांचा डोरेमॉन मोडला ना त्याने.

गेमगल्ली

पोरांचा कसा मोडेल? हा गेम पोरांसाठी नाहीच. ज्यांच्यासाठी आहे ते सगळे वाढलेले, डोरेमॉन मागे टाकून आलेले. आणि डोरेमॉन त्यांनी २००५ ला नव्या लोकांच्या हाती सोपवला होता, त्या जागेवर मिझुताबाई होत्या. ७७ व्या वर्षी एखादी नटी हाइयुझाच्या शाळेत शिकलेलं सगळं बाहेर काढून खलनायक उभा करते, हे मला त्यांच्या अख्ख्या कारकिर्दीतलं धाडसाचं काम वाटतं. त्यांना फक्त डोरेमॉनमध्ये बसवून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

चाफेकळी

मी गेमगल्लीच्या बाजूने. आणि एक भर घालते: त्या गेमच्या पुढच्या भागांत बाईंच्या आजारपणामुळे मोनोकुमाचा आवाज ताराको यांच्याकडे गेला. 'चिबी मारुको चान'मधली मारुको म्हणजे याच. इथेही गेम बनवणाऱ्यांनी मुलांचा लाडका, विश्वासाचा आवाजच निवडला. म्हणजे पहिल्या वेळी ओयामाबाईंनी जे केलं ते किती नेमकं होतं ते कळतं. ताराकोही २०२४ च्या मार्चमध्ये गेल्या. ते वर्ष जपानी आवाजांसाठी फार वाईट गेलं.

रेडिओवेडा

मंडळी, माझं वय पंचाहत्तरच्या पुढे. डोरेमॉन मी नातवाच्या मांडीला मांडी लावून पाहिला. पण या चर्चेत मला जे ओळखीचं वाटलं ते आकाशवाणीमुळे. 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतले टेकाडे भावोजी आणि मीनावहिनी आमच्या घरातलीच माणसं होती. त्यांचे चेहरे आम्हाला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी बँकेत सहकारी विचारायचे, काल भावोजी काय म्हणाले ऐकलंस का? त्यामुळे आवाजाच्या माणसाचं श्रेय किती, हा प्रश्न मला पडत नाही.

चाफेकळी, ओयामाबाईंच्या अखेरच्या दिवसांबद्दल आपण लिहिलं नाही. मी बातमीत स्मृतिभ्रंशाचं वाचलं होतं. आमच्या घरी हा आजार आहे, म्हणून विचारतो.

चाफेकळी

काका, मुद्दामच मागे ठेवलं होतं, पण विचारलंत तर लिहिते.

२००१ मध्ये त्यांना कर्करोग झाला, शस्त्रक्रियेनंतर त्या परत माइकसमोर आल्या. मालिका सोडल्यावर २००८ मध्ये मेंदूचा झटका आला आणि २०१२ मध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. पती केइसुके सागावा. हे स्वतः एनएचकेच्या मुलांच्या कार्यक्रमात व्यायाम शिकवणारे पहिले 'दादा' म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी सुरुवातीला हे कुणाला कळू दिलं नाही. डोरेमॉनच्या आवाजाला लोकांनी या अवस्थेत बघू नये असं त्यांना वाटत होतं. पण घरात एकट्याने सांभाळताना ते पार खचले. शेवटी मे २०१५ मध्ये त्यांनी रेडिओवरून जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी या अनुभवावर पुस्तकही लिहिलं. बायको आता माझी लेक झाली आहे, असं त्याच्या शीर्षकातच आहे.

जपानमध्ये त्याचा परिणाम मोठा झाला. एवढ्या घरोघरी पोचलेल्या माणसाच्या नवऱ्याने सांगितल्यावर कित्येक कुटुंबांना आपलंही सांगायला बळ आलं. पुढे सागावांनाच कर्करोग झाला, बाईंना वृद्धांच्या निवासात ठेवावं लागलं, आणि ११ जुलै २०१७ ला ते आधी गेले. बाई त्यानंतर सात वर्षं होत्या. त्यांच्या निधनाची बातमी ११ ऑक्टोबर २०२४ ला, अंत्यविधी आटोपल्यावर जाहीर झाली.

काका, घरातलं जमेल तसं इथे लिहीत जा. तुमच्यावरही ताण असणार.

रेडिओवेडा

लेकी, मनापासून धन्यवाद. सागावांनी आधी लपवलं आणि मग सांगितलं, हे दोन्ही मला फार जवळून कळतं. आम्हीही वर्षभर सोसायटीत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर शेजारी रोज संध्याकाळी तासभर येऊन बसायला लागले.

दोन_पोरांची_आई

काका, तुम्ही मुंबई किंवा ठाण्याला असाल तर व्यनि (खासगी निरोप) करा. माझी नणंद या क्षेत्रात समुपदेशनाचं काम करते.

मूळ विषयावर: पोरींना जुना जपानी भाग लावून दिला. धाकटी म्हणाली, 'हा आपल्या डोरेमॉनचा मोठा भाऊ आहे.' थोरलीने 'बोकु दोराएमोन देसु' पाठ केलंय आणि दारात आलेल्या प्रत्येकाला कमरेत वाकून ऐकवतेय. कुरिअरवाल्यालाही ऐकवलं.

सह्यकडा

पुतण्याला धागा वाचून दाखवला. त्याने विचारलं, त्या मंडळात पहिल्या दिवशी ती काय बोलली असेल? मला काही सांगता आलं नाही. पण त्याने शाळेतल्या वाचन स्पर्धेला नाव दिलंय.

निशीकासाईकर, नवशिक्याने सुरुवात कुठून करावी तेवढं सांगा. मालिकेचे एवढे भाग आहेत की कुठे हात घालावा कळत नाही.

निशीकासाईकर

चित्रपटांपासून करा. सगळ्यात आधी मार्च १९८० चा, ज्याचा प्रसंग मुक्तछंद यांनी ऐकला तो. नोबिता अंडं उबवून डायनासोरचं पिल्लू वाढवतो, त्याची गोष्ट आहे. भाषा येत नसली तरी अडत नाही. मग १९९६ पर्यंतचे पाहा. त्या वर्षी २३ सप्टेंबरला फुजिओ गेले, त्यामुळे त्यांच्या हातून पूर्ण झालेलं काम तिथपर्यंतच. शेवटी २००४ चा, कुत्र्या-मांजरांच्या राज्याचा. या चमूचा तो अखेरचा चित्रपट.

फक्त विकत घेताना नीट बघून घ्या. १९८० च्या कथेवर २००६ मध्ये नवा चित्रपट आला, त्यात आवाज मिझुताबाईंचा आहे. वेष्टनावरचं वर्ष वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आवाजी

आणि शक्य असेल तर हेडफोन लावून ऐका. ओयामाबाई वाक्य संपल्यावर एक बारीकसा 'हं' सोडतात. टीव्हीच्या स्पीकरवर तो येत नाही.